मंजुरीपुरता माणूस

अण्णा आमच्या कंपनीत लागले तेव्हा सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर होते. काही वर्षांनी ते डेव्हऑप्स इंजिनियर झाले. मग साइट रिलायबिलिटी इंजिनियर. मी तिथे नोकरीला लागले त्या सुमारास ‘रिलायबिलिटी’ हा शब्द बंगळुरूच्या मुख्य कचेरीत शिळा झाला होता, म्हणून त्यांना प्लॅटफॉर्म इंजिनियर करण्यात आलं. या सगळ्या काळात ते खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसून तेच काम करत होते. यंत्रणा बंद पडू द्यायची नाही, आणि पडलीच तर उठवायची. प्रत्येक बारशाला बंगळुरूहून अभिनंदनाची मेल येई आणि तिच्यात ‘प्रवास’ हा शब्द हमखास असे. अण्णा रोज धारवाडहून हुबळीला बसने येत, तेवढाच काय तो त्यांचा प्रवास.

धारवाडात त्यांच्या आईला शेजारणी विचारत, मुलगा नक्की करतो काय. आई सांगत, ‘‘कंपनीत काही बंद पडलं की त्याला बोलावतात.’’ त्यामुळे गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला तरी अण्णांना हाक जाई. ते जात, मिक्सरकडे गंभीरपणे पाहत, आणि म्हणत, ‘‘शेवटचं व्यवस्थित कधी चालत होता? त्यानंतर काय बदललं?’’ मिक्सर दुरुस्त होत नसे. पण शेजारीण मात्र आपण त्यात ओली हळद वाटली होती हे कबूल करून टाकी.

ही उलटतपासणी रक्तातली होती. त्यांचे वडील धारवाडच्या कोर्टात वकील होते. मुलाने सनद घ्यावी ही त्यांची इच्छा अण्णांनी मोडली, पण वकिली काही सोडली नाही. ते कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. समोर आलेला कुठलाही मजकूर, मग तो सर्व्हरवर चालवायचा बदल असो की कँटीनची सूचना, मोठ्याने वाचून दाखवत, आणि स्वल्पविरामाशी थांबून समोरच्याकडे चष्म्यावरून बघत. कनिष्ठांच्या मेलमधल्या चुका ते दुरुस्त करून परत पाठवत. स्वतःच्या चुका कुणी दाखवल्या तर ‘‘तो शब्द तसाही चालतो’’ म्हणत. सर्व्हरना ते अहोजाहो करत. ‘‘हे आज जरा थकलेत, यांच्यावर भार टाकू नका.’’ व्यवस्थापकांना मात्र सर्रास अरेतुरे. मी एकदा याचं कारण विचारलं, तर म्हणाले, ‘‘अक्का, सर्व्हर खोटं बोलत नाही. आदर कुणाला द्यायचा ते मला कळतं.’’

आपल्यावाचून सगळं कोसळेल अशी त्यांची मनोमन श्रद्धा होती. त्यामुळे ते रजा घेत नसत. एकदा पुतणीच्या लग्नासाठी नाइलाजाने बेळगावला जावं लागलं. ते परत येईपर्यंत काहीच कोसळलं नव्हतं. परतल्यावर अण्णांचा चेहरा उतरलेला होता. त्या दिवशी दुपारपर्यंत ते काहीतरी बिघडलेलं शोधत राहिले. अखेर एका कोपऱ्यातल्या सर्व्हरचं घड्याळ किंचित मागे पडलेलं सापडलं, तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.

आमची कंपनी लिलावाची होती, म्हणजे लिलावाच्या यंत्रणेची. अमरगोळच्या मोठ्या बाजारापासून फार लांब नाही अशा इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बाजाराशी आमचा संबंध नव्हता. कापूस आणि मिरचीचे काही खासगी व्यापारी आमच्याकडे होते. सकाळी मालाच्या गाड्या त्यांच्या गोदामाशी लागत, मालाचे फोटो आणि प्रत, म्हणजे दर्जा, आमच्या ॲपवर चढे, व्यापारी आपापल्या दुकानात बसून फोनवर भाव बोलत आणि दुपारी ठरलेल्या वेळी लिलाव बंद होई. त्या मधल्या वेळात यंत्रणा आडवी झाली तर त्या दिवसाचा व्यवहार बुडाला. कलघटगीहून कापूस घेऊन आलेला माणूस गाडी तशीच परत नेई, नाहीतर पडेल भावाला माल कुणाच्यातरी गळ्यात मारी. माझं काम मदतीची पानं लिहायचं. ‘पासवर्ड विसरलात?’ यासारख्या गहन प्रश्नांवर मी मराठीत आणि कन्नडात चिंतन केलेलं आहे.

अण्णांनी कंपनीला एक रीत लावून दिली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बेळगावची एक इंजिनियर मुलगी आमच्याकडे नवी आली होती. जुन्या नोंदी पुसण्याची आज्ञा तिने एकदा चाचणीच्या सर्व्हरऐवजी खऱ्या सर्व्हरवर चालवली आणि सकाळपासून बोललेले सगळे भाव पुसले गेले. मिटिंगमध्ये व्यवस्थापक लालबुंद होऊन विचारत होता, ‘‘कुणी केलं? मला नाव पाहिजे.’’ ती पोरगी टेबलाखाली ओढणी पिळत बसली होती.

अण्णा म्हणाले, ‘‘काय झालं ते विचार. कुणी केलं हा प्रश्न या खोलीत येत नाही.’’

‘‘म्हणजे? चूक झालीय ना?’’

‘‘झालीय. पण इथं आरोपी नसतो. सगळे साक्षीदार असतात. दोन्ही सर्व्हरचे पडदे हुबेहूब सारखे दिसतात, ही साक्ष मी स्वतः देतो. आज ती फसली, उद्या तू फसशील. माणूस दुरुस्त होत नाही रे. पायरी दुरुस्त कर.’’

खऱ्या सर्व्हरचा पडदा तेव्हापासून लाल झाला, आणि ती मुलगी नोकरीत राहिली. पुढे ती अण्णांच्या हाताखाली तयार झाली. ही रीत परदेशी कंपन्यांत आधीपासून आहे आणि अण्णांनी ती कुठेतरी वाचली होती, हे मला नंतर कळलं. अण्णा मात्र ती वडिलांच्या नावावर खपवत. मुख्य कचेरीने तर आणखी पुढे जाऊन तिची इंग्रजी भित्तिपत्रकं छापली आणि आमच्या कचेरीत पाठवून दिली, जणू काही आम्हाला ती नव्याने कळत होती.

मग सखा आला.

सखा म्हणजे माणूस नव्हे. यंत्रणेवर स्वतः लक्ष ठेवणारा, बिघाड ओळखणारा आणि दुरुस्तही करणारा एआय. अण्णांनी वर्षानुवर्षं लिहिलेले सगळे अहवाल त्याला वाचायला दिले होते. त्यामुळे तो अगदी अण्णांच्या धाटणीत लिही, फक्त स्वल्पविराम जागच्या जागी असत. व्यवस्थापक बंगळुरूहून खास आला. तोपर्यंत व्यवस्थापकही बदलला होता. हा नवा फार गोड होता आणि कधीच लालबुंद होत नसे.

‘‘अण्णा, आता तुम्ही स्ट्रॅटेजिक व्हायचं,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणजे काय करायचं?’’

‘‘सखा बघेल, सखा ठरवेल, सखा करेल. तुम्ही फक्त अप्रूव्ह करायचं.’’

‘‘आणि मी नाही म्हटलं तर?’’

‘‘तुम्ही हो म्हणाल हो,’’ व्यवस्थापक प्रेमाने म्हणाला.

पदाचं नाव झालं रिलायबिलिटी ओव्हरसाइट लीड. मेल आली, प्रवासाचं अभिनंदन झालं. सखा प्रत्येक बदलाआधी पडद्यावर दोन ओळी लिही आणि खाली हिरवं बटण येई. ते अण्णांनी दाबलं की बदल होई. ज्या माणसाने जन्मभर यंत्रांना अहोजाहो केलं, तो या नम्र प्राण्याशी पहिल्या दिवसापासून ‘ए, तू’ करून बोलू लागला. मी भुवया उंचावल्या तर म्हणाले, ‘‘हा बोलतो, अक्का. बोलणाऱ्याचा भरवसा नाही.’’

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी सखाने लिहिलं, ‘डेटाबेसवर ताण वाढत आहे. अर्धा भार दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची शिफारस. मंजुरी द्यावी.’ अण्णांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

‘‘ताण वाढत आहे. कशामुळे, ते लिही.’’

सखाने लिहिलं.

‘‘ ‘असण्याची शक्यता आहे’ म्हणतोस. म्हणजे तुला खात्री नाही.’’

खात्री नाही, पण थांबण्याचा धोका हलवण्याच्या धोक्यापेक्षा जास्त आहे, असं सखाने अदबीने कळवलं.

‘‘हा निष्कर्ष झाला. पुरावा दाखव.’’

बेळगावची ती इंजिनियर शेजारी येऊन उभी राहिली होती. ‘‘अण्णा, ते बरोबर म्हणतंय. आलेख बघा.’’

‘‘बरोबर असेल. का बरोबर आहे ते मला कळल्याशिवाय मी सही करणार नाही.’’

‘‘कळेपर्यंत बंद पडेल हो!’’

फोनवर व्यवस्थापक होता. ‘‘अण्णा, प्लीज, दाबा!’’

‘‘साक्ष चालू आहे,’’ अण्णा म्हणाले आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

ती ओळ पुरी व्हायच्या आत यंत्रणा बसली. आधी एका टेबलावरचा फोन वाजला, मग सगळ्याच टेबलांवरचे. अण्णांनी बटण दाबलं, पण आता हलवायला काही उरलं नव्हतं. लिलावाची वेळ निघून गेली आणि त्या दिवसाचा व्यवहार रद्द करावा लागला. सखाचं बरोबर होतं. त्याच्या दोन ओळींत एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

पहिला मोठा फोन अप्पांचा आला. अप्पा म्हणजे व्यापाऱ्यांचे म्होरके. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्यांचं पिढीजात दुकान. अण्णांनी फोन स्वतः घेतला आणि उभं राहून म्हणाले, ‘‘अप्पा, तप्पु माझा, माझीच चूक. मंजुरी द्यायला मी उशीर केला.’’ त्यानंतर अप्पांनी त्यांना कन्नडात आणि अधूनमधून मराठीत जे ऐकवलं ते फोनपासून लांब बसलेल्या मलाही ऐकू येत होतं. अण्णांच्या बुद्धीपासून सुरुवात झाली आणि त्यांच्या वकील वडिलांपर्यंत मजल गेली. अण्णा ‘हौदु, हौदु’ म्हणत सगळ्याला होकार देत राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडचा आवाज दमला. मग त्याच फोनवर अप्पांनी विचारलं, ‘‘ऊट आतेनु?’’

‘‘नाही अजून, जेवतो आता,’’ अण्णा म्हणाले.

मिटिंगमध्ये अण्णा पहिल्यांदाच उभे राहून बोलले. ‘‘अहवालात लिहा. चूक माझी. नाव घालून लिहा.’’

व्यवस्थापक हसला. ‘‘अण्णा, इथं आरोपी नसतो. तुमचाच नियम.’’

‘‘तो नियम दुसऱ्यांसाठी होता.’’

इतकं अहंकारी वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं प्रामाणिकही नाही. पण भिंतीवर भित्तिपत्रक होतं. नियम सगळ्यांना सारखा असतो, असं त्यावर सचित्र सांगितलेलं होतं.

अहवाल सखाने लिहिला. मुद्देसूद, शांत आणि सौजन्यपूर्ण. अण्णांचं नाव त्यात कुठेही नव्हतं. कुणाची चूक झाली असं सूचितही केलेलं नव्हतं. ‘मंजुरीच्या पायरीत विलंब झाला. ही पायरी दुरुस्त करणे शक्य नसल्याने काढून टाकावी.’ एवढंच. अण्णांनी आयुष्यभर शिकवलेला धडा विद्यार्थ्याने तंतोतंत गिरवला होता, आणि त्या पायरीवर सध्या अण्णा बसलेले होते.

गंमत अशी की पायरी काढून टाकणं हासुद्धा यंत्रणेतला बदल होता. त्यालाही मंजुरी लागत होती. खाली हिरवं बटण आलं.

त्या दुपारी अण्णांनी तो अहवाल मनातल्या मनात वाचला. सगळे कामात असल्याचा देखावा करत होते. त्यांच्याजवळ गेली ती बेळगावची मुलगीच.

‘‘अण्णा, नका दाबू.’’

‘‘का? यात खोटं काही आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘तुझ्या वेळी मी जे म्हणालो, त्यापेक्षा वेगळं काही आहे?’’

‘‘त्या वेळी तुम्ही मला वाचवलंत.’’

‘‘तुला कशाला वाचवू? मी पडदा लाल केला,’’ अण्णा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

निरोप समारंभ झाला. कर्नाटकातल्या रीतीप्रमाणे शाल, हार, फळांची करंडी आणि डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा फेटा. पेटा थोडा मोठा होता आणि कानांवर उतरत होता. व्यवस्थापक म्हणाला, अण्णा जात नाहीत, त्यांची भूमिका उत्क्रांत होत आहे. भाषण सखाने लिहून दिलं होतं हे मला माहीत होतं, कारण त्यात एकही चूक नव्हती. उत्तरादाखल अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते खरोखरच दोनच बोलले: ‘‘येतो मी.’’

अण्णा गेल्यावर यंत्रणा कोसळली, असं लिहायला मला मनापासून आवडलं असतं. कोसळली नाही. हंगाम सुरळीत पार पडला. लिलाव वेळेवर उघडत, वेळेवर बंद होत. खिडकीजवळच्या खुर्चीवर कुणीतरी कुंडी ठेवली आणि तीही छान वाढली.

पुढे मिरचीच्या एका लिलावात सखाचा अंदाज चुकला. व्यापारी मालाची प्रत बघायला गोदामात उतरले होते, त्यामुळे काही वेळ कुणी भाव बोललं नाही. त्या शांततेला सखाने बिघाड समजून यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली. त्यात आधीचे काही भाव गेले. नुकसान फार नव्हतं. यंत्रणा पुन्हा उभी राहायच्या आतच सखाने सगळ्या व्यापाऱ्यांना कन्नडात, मराठीत आणि इंग्रजीत माफी मागून टाकली होती. मी इतकी वर्षं मदतीची पानं लिहिते आहे. तशी माफी मला लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा जिने चढून वर आले, सोबत आणखी दोन व्यापारी. व्यवस्थापक नेमका हुबळीत होता.

‘‘माफी मिळाली ना अप्पा?’’ त्याने विचारलं.

‘‘मिळाली. तीन-तीनदा मिळाली. फार गोड मागतं हो ते. पण आम्ही ओरडायचं कुणावर?’’

‘‘ओरडायची गरजच काय? पायरी दुरुस्त केली आहे.’’

‘‘ते तुमचं तुम्ही करा. मला माणूस दाखवा. माझा माल, माझा भाव, माझं तोंड, आणि समोर कोण? फोन? काल मी फोनवर ओरडलो, तर तो म्हणाला, तुमची भावना मी समजू शकतो!’’ सोबतचे व्यापारी संतापाने मान हलवत होते. ‘‘चुकलं कोण ते सांगणारा माणूस नसेल, तर पुढच्या हंगामात आम्ही दुसरीकडे जाऊ.’’

गिऱ्हाईक जाणार म्हटल्यावर मुख्य कचेरीत भूमिकेच्या उत्क्रांतीला जोर आला. काही दिवसांतच नवं पद निघालं: अकाउंटेबिलिटी पार्टनर. काम असं की सखाच्या हातून काही चुकलं, तर व्यापाऱ्यांचे फोन घ्यायचे आणि जबाबदारी स्वीकारायची. एवढंच. पगार अण्णांच्या जुन्या पगाराहून जास्त होता. आणि अर्थातच व्यवस्थापकाला पहिलं नाव आठवलं ते अण्णांचंच.

अण्णा आले. तोच इस्त्रीचा शर्ट. कुंडीकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या खुर्चीत बसले. नेमणुकीचं पत्र त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकून आम्हा सगळ्यांना उगाचच बरं वाटलं. बेळगावच्या मुलीने तर त्यांच्यासाठी चहा सांगूनही टाकला.

‘‘बटण?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बटण नाही, अण्णा. निर्णय सखाच घेणार.’’

‘‘तो काय करतोय ते मला आधी दिसेल?’’

‘‘नंतर दिसेल. अहवाल येईल ना.’’

‘‘म्हणजे मला काही करता येणार नाही, थांबवता येणार नाही.’’

‘‘त्याचा त्रासच नको तुम्हाला. तुम्ही फक्त सॉरी म्हणायचं. तुम्हाला तर ते जमतं, आम्ही पाहिलंय.’’

अण्णांनी पत्राची घडी घातली. ‘‘मला शिव्या खाण्याचं वावडं नाही. अप्पांना विचार. पण मी आजवर खाल्ल्या त्या माझ्या होत्या. आता तू मला चुकायची जागाच ठेवली नाहीस, तर मी माफी मागू कशाची?’’

‘‘अण्णा, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे.’’

‘‘तेच म्हणतो मी,’’ असं म्हणून ते उठले. चहा आला होता, तो उभ्या उभ्या प्यायले आणि धारवाडच्या बसला गेले. आईचं वय झालं होतं, गल्लीतले मिक्सर होते, त्यांचा वेळ बरा जात असावा. नंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

पद मंजूर झालेलं होतं आणि मंजूर झालेलं पद रिकामं ठेवणं हा आमच्या कंपनीत गुन्हा समजला जातो. व्यवस्थापकाने चौफेर पाहिलं. ‘‘अक्का, तुमची भाषा चांगली आहे,’’ तो म्हणाला. माझ्या भाषेबद्दल त्या कंपनीत कुणी चांगलं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. मी हो म्हणाले. प्रवासाबद्दल अभिनंदनाची मेल मलाही आली.

पहिला फोन यायला बराच काळ गेला. सखा हल्ली फारसा चुकत नाही. मग एके दिवशी कापसाच्या एका गाडीची प्रत चुकीची चढली, आणि अप्पांचा फोन आला. मी तयारीत होते. त्यांनी आवाज चढवला, दोन वाक्यं बोलले आणि मधेच थांबले.

‘‘अक्का, हे तुम्ही केलं?’’

‘‘नाही अप्पा. पण जबाबदारी माझी.’’

‘‘तुम्ही करायला सांगितलं?’’

‘‘नाही.’’

‘‘तुम्हाला आधी माहीत होतं?’’

‘‘तुमचा फोन आला तेव्हा कळलं.’’

‘‘इरली बिडरी, असू द्या,’’ अप्पा मग समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘‘तुम्हाला काय बोलायचं, अक्का. तुम्ही काय करणार.’’ आणि मला एकही शिवी न देता त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता.